रिस्टोरेशनचा अर्ज

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, अपघात भरपाईचा तुमचा दावा मोटार अपघात ट्रिब्युनलने काढून टाकला म्हणून अपील करायचं म्हणताय, ते तूर्त सोडा. आदेशाच्या शेवटी ‘डिसमिस्ड फॉर डिफॉल्ट’ आहे. म्हणजे अपघातात चूक कोणाची, हे ट्रिब्युनलने पाहिलेलंच नाही. हाक मारली तेव्हा आपल्या बाजूचं कोणी नव्हतं, म्हणून दावा काढून टाकला. अशा वेळी पर्वरीला हायकोर्टात धावायचं नसतं. त्याच ट्रिब्युनलकडे ‘रिस्टोरेशन’चा, म्हणजे दावा पुन्हा फाईलवर घेण्याचा अर्ज द्यायचा. पुरावा तपासून निकाल दिला असता, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १७३ खाली ९० दिवसांत अपील करता आलं असतं.

मुदत ३० दिवसांची, आणि तीही आदेशाच्या तारखेपासून. नक्कल हातात पडल्यापासून नव्हे! अपिलात नकलेला लागलेले दिवस वगळतात. या अर्जाला ती सवलत नाही, आणि लोक नेमके इथेच फसतात. आदेश ८ सप्टेंबरचा, म्हणजे शेवटचा दिवस ८ ऑक्टोबर. पुढे गेलं तर विलंबमाफीचा वेगळा अर्ज आणि उशिराचा हिशेब. ती कटकट नकोच.

आई, कागद तू काढ. बाबांच्या गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) डिस्चार्ज कार्डावर दाखल ५ सप्टेंबर, घरी १२ असं आहे. ८ तारीख बरोबर मध्ये बसते. ही ओळ सगळ्यात मोलाची. ओळखीच्या डॉक्टरांकडून ‘ताप होता, विश्रांती सांगितली’ असा दाखला आता आणू नको. मागाहून लिहिलेल्या अशा कागदावर विमा कंपनीचा वकील आधी बोट ठेवतो. त्यापेक्षा केसपेपर, प्लेटलेटचे रिपोर्ट आणि फार्मसीची बिलं जोड.

अर्जासोबतच्या अ‍ॅफिडेव्हिटमध्ये, म्हणजे शपथपत्रात, आजारपणाइतकंच महत्त्वाचं दुसरं: पक्षकार आजारी, पण वकील कुठे होते? हा प्रश्न येणारच. त्यांना कधी, कोणाच्या फोनवरून कळवलं ते लिहा. कळवायचं राहिलं असेल तर राहिलं म्हणा, सजवू नका. आधीच्या तारखांना तुम्ही हजर होता हे रोजनाम्यात, म्हणजे ट्रिब्युनलच्या रोजच्या नोंदींत, दिसतं, त्याची नक्कल लावा.

अर्जाची नोटीस विमा कंपनीला जाईल. ती हरकत घेईल, कदाचित थोडी कॉस्ट, म्हणजे समोरच्याला द्यायचा खर्च, बसेल, मुकाट्याने भरा. नवा दावा लावा म्हणणाऱ्यांचं ऐकू नका, विमा कंपनीचा वकील हजर असताना दावा असा निघाला असेल, तर दिवाणी प्रक्रिया संहितेची ऑर्डर ९ तिथे आडवी येते.

नोटरीसमोर बाबांनाच सही करावी लागेल. आधार कार्ड विसरू नका, आणि ऑफिस माडीवर असलं तर त्यालाच खाली बोलवा.

तुमची,
मुक्ता