पिस्टनचा दिवा करण्याआधी पिस्टन धुवा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गॅरेजमधून निघालेल्या पिस्टनचा टेबलदिवा, ब्रेक डिस्कचे घड्याळ, व्हॉल्व्हच्या खुंट्या अशा वस्तू करण्याची हौस आपल्या सीमाभागात वाढते आहे. उद्यमबाग, मच्छे इथे ओतकाम आणि लेथकामावर संसार उभे राहिले, त्या बेळगावला ही हौस शोभूनच दिसते. मात्र वस्तू देखणी होते आणि दोन महिन्यांत टेबलावर तेलाचा डाग उमटतो, रंगाचे पापुद्रे निघतात, एखाद्या दिव्याला हात लावला की झिणझिण्या येतात. यातली बहुतेक दुखणी ड्रिल हातात घेण्याआधीच लागलेली असतात, म्हणून हे पत्र.

आधी धातू ओळखावा. पिस्टन ॲल्युमिनियम-सिलिकॉनच्या मिश्रधातूचा, कनेक्टिंग रॉड बहुधा घडीव पोलादाचा, ब्रेक डिस्क आणि ड्रम बिडाचे. क्रँकशाफ्ट ओतीवही सापडतो आणि घडीवही. शंका आली तर ग्राइंडरला टेकवून पाहावे. बिडाच्या ठिणग्या आखूड, लालसर आणि चटकन विझणाऱ्या असतात. पोलादाच्या लांब, पिवळ्या. हे कळायला हवे, कारण बिडाला साध्या रॉडने वेल्डिंग मारले तर टाका वरून पक्का दिसतो, पण निवताना बारीक ‘टक्’ असा आवाज येतो आणि टाक्याच्या कडेने केसाएवढा तडा जातो. बिडात कार्बन साधारण तीन टक्के किंवा जास्त असतो, त्यामुळे टाक्यालगतचा भाग झटकन थंड होऊन काचेसारखा ठिसूळ बनतो. निकेलचा रॉड, आधी तापवणे आणि नंतर चुन्यात किंवा राखेत पुरून सावकाश निववणे, एवढे सगळे जमणार असेल तरच त्या वाटेला जावे. नाहीतर सरळ भोक पाडून ८ एमएमचा बोल्ट टाकावा. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनरने पुसलेल्या भागावर तर वेल्डिंग करूच नये. त्या उष्णतेत फॉस्जीन नावाचा घातक वायू तयार होतो.

आता पिस्टन. गजन पिन, म्हणजे पिस्टनला कनेक्टिंग रॉडशी जोडणारी आडवी पिन, दोन्ही टोकांना लॉकने (तारेच्या कडीने) अडवलेली असेल तर लॉक काढून पिस्टन दहा मिनिटे उकळत्या पाण्यात ठेवावा. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते, त्यामुळे पिन जाड हातमोज्यातल्या अंगठ्याने ढकलली तरी सरकते. लॉक नसेल तर पिन कनेक्टिंग रॉडमध्ये दाबून बसवलेली असते. तिला हातोडा मारू नये, पिस्टनचा घेर वाकतो किंवा चिरतो. एक तर प्रेसवर काढून घ्यावी, किंवा रॉड तसाच ठेवून त्यालाच दिव्याचा दांडा करावा. आमच्या मते दुसरा मार्ग दिसायलाही चांगला. रिंगा, म्हणजे पिस्टनभोवतीच्या खाचांतल्या धातूच्या कड्या, काढताना चष्मा हवाच. रिंग ठिसूळ असते, तुटली की तुकडा उडतो.

धुण्याच्या कामात सर्वांत जास्त घाई होते. पिस्टन रात्रभर रॉकेलमध्ये किंवा डिझेलमध्ये बुडवून ठेवावा, सकाळी नायलॉनच्या ब्रशने घासावा आणि मग गरम पाण्यात भांडी घासायच्या साबणाने दोनदा धुवावा. रिंगांच्या खाचांत कार्बन दगडासारखा बसलेला असतो. तो स्क्रू-ड्रायव्हरने खरवडला की खाच ओरखडते. तुटलेल्या जुन्या रिंगेचा तुकडा घ्यावा, तो त्याच मापाचा असल्याने खाचेत नेमका बसतो. सर्वांत खालच्या, म्हणजे ऑइल रिंगेच्या खाचेत बारीक भोके असतात. ती तारेने मोकळी करावीत. टेबलावर तेल येते ते बहुतेक वेळा इथूनच. धुऊन झाल्यावर पिस्टन कोऱ्या कागदावर रात्रभर ठेवून पाहावा. सकाळी पिवळट कडे उमटले असेल तर पुन्हा रॉकेल.

कॉस्टिक सोडा मात्र पिस्टनला लावू नये. पोलादी भागांवरची ओशट घाण त्याने निघते हे खरे, पण तो ॲल्युमिनियम खातो. पाणी फसफसते, हायड्रोजन निघतो, पिस्टन काळा पडतो आणि कडा झिजतात. पोलादी व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकाच डब्यात टाकून सोडा घातला, की पिस्टनची रया गेलीच म्हणून समजा.

भोक पाडताना दोन चुका होतात. एक, पिस्टन थेट व्हाइसमध्ये (टेबलावरच्या शिकंज्यात) आवळणे. त्याचा खालचा घेर दिसतो गोल, पण असतो किंचित लंबगोल आणि भिंतीला पातळ, म्हणून तो चेपतो. दोन्ही बाजूंना लाकडी फळ्या लावाव्यात. दुसरी चूक थेट मोठे बिट लावण्याची. डिझेल पिस्टनच्या माथ्यावर वाटीसारखा खळगा आणि बऱ्याचदा मधोमध उंचवटा असतो, त्यावरून बिट घसरते. सेंटर पंच मारून (टोकदार हत्याराने खळी पाडून) आधी ३, मग ६ आणि शेवटी १०.५ एमएम असे जावे. दिव्याच्या १० एमएमच्या आट्याच्या पोकळ नळीला एवढे पुरते. बिटावर रॉकेलचे थेंब सोडत राहावे. कोरडे चालवले तर ॲल्युमिनियमचा कीस बिटाला चिकटतो आणि भोक फाटते.

वायरिंगवर आम्ही मुद्दाम जास्त लिहितो, कारण ही वस्तू लहान मुलांच्या हाताशी असते. पहिल्यांदा करणाऱ्यांनी मोबाइलच्या ॲडॉप्टरवर चालणारा ५ व्होल्टचा एलईडीच वापरावा. २३० व्होल्टचा दिवा करायचा असेल तर ०.७५ चौरस एमएमची तीन पदरी वायर, तीन पिनांचा प्लग आणि ७ वॅटपर्यंतचा एलईडी घ्यावा. हिरवी वायर पिस्टनमध्ये ४ एमएमचे आटे पाडून स्क्रूने धातूला आवळावी, स्क्रूखालचा रंग खरवडून. नुसती गाठ मारलेली अर्थिंग म्हणजे अर्थिंग नव्हे. वायर जिथून आत शिरते तिथे रबरी ग्रॉमेट (भोकाच्या कडेला बसणारी कडी) हवा, नाहीतर भोकाची धार तिचे आवरण हळूहळू कापते. झिणझिण्यांचे मूळ तिथे असते. प्लग लावण्याआधी मल्टिमीटरने पाहावे: अर्थ पिन ते पिस्टन रोध शून्याजवळ, फेज आणि न्यूट्रलच्या पिनांपासून पिस्टनपर्यंत काहीही जोड नाही. लहान गाडीचा पिस्टन हलका असतो, उभ्या रॉडचा दिवा कलंडतो. खाली १५ सेंटिमीटरची सागवानी चकती किंवा जुना गिअर लावावा.

डिस्कचे घड्याळ सोपे आहे. चार बोल्टच्या भोकांवर १२, ३, ६, ९ आपोआप येतात. मधल्या मोठ्या भोकावर मागून ३ एमएमचा पत्रा लावून त्यात घड्याळाचे मशीन बसवावे. मशीनच्या आट्याची लांबी पत्र्यापेक्षा तीन-चार एमएम जास्त हवी. डिस्क तीन-चार किलोची असते, तेव्हा खिळ्यावर टांगू नये, ८ एमएमचा फास्टनर भिंतीत घालावा. गंज सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात रात्रभर ठेवून काढावा, मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्यातून काढून लगेच वाळवावे. पारदर्शक लॅकर आपल्याकडे जून ते सप्टेंबर मारूच नये. खानापूरच्या बाजूच्या दमट हवेत तो धुक्यासारखा पांढरा पडतो. ब्रेकची काळी धूळ हवेने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये आणि क्लच प्लेटवर ॲस्बेस्टॉस असू शकतो.

व्हॉल्व्हची खुंटी आम्हाला सर्वांत आवडते, कारण तिला काही कापावे लागत नाही. सागवानी फळीत दांड्याच्या मापाचे भोक, पुढचे टोक किंचित वर येईल असे, तिरके पाडावे, व्हॉल्व्ह पुढून घालून मागे त्याचेच लॉक आणि टोपी लावावी. कापायचे नाही याला दुसरेही कारण आहे. काही इंजिनांचे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पोकळ असतात आणि आत सोडियम असतो. असा दांडा कापून पाणी लागले तर पेट घेतो.

स्वयंपाकघरात यातले काहीही नको. गजन पिनचा बत्ता, लायनरचा (सिलिंडरच्या आतल्या नळीचा) खल, पिस्टनची वाटी हे प्रकार दिसतात. इंजिनाचे बेअरिंग कित्येकदा शिसेमिश्रित असते, आणि आपल्या देशात शिसेयुक्त पेट्रोल सन २००० पर्यंत विकले जात होते. त्या काळातल्या गाडीच्या पिस्टनवरचा कार्बन किती धुतला म्हणजे पुरे, हे घरी तपासता येत नाही. तसेच इंजिन नंबर कोरलेला ब्लॉक कागदपत्रांशिवाय भंगारातून घेऊ नये.

शेवटी धुतलेल्या रॉकेलचे. ते गटारात ओतले की पावसात नाल्यात जाते, आणि बळ्ळारी नाला फुगला की येळ्ळूर, वडगाव, शहापूर शिवारातल्या भातात पाणी कुठून येते हे वाचकांना सांगायला नको. कॅनमध्ये आठ दिवस स्थिर ठेवले तर गाळ खाली बसतो आणि वरचे रॉकेल पुन्हा वापरता येते. खालचा गाळ गॅरेजच्या वापरलेल्या ऑइलच्या पिंपात द्यावा. २०१६ च्या घातक कचरा नियमांत वापरलेले ऑइल मोडते, ते अधिकृत पुनर्प्रक्रियेलाच जायला हवे. गॅरेजवाल्यांनी हौशी मंडळींचा असा कॅन नाकारू नये, ही विनंती.

आपले,
उद्यमबागेतील काही टर्नर आणि फिटर, बेळगाव