नागिणीला गेरू नव्हे, डॉक्टर हवा

महोदय,
गेल्या महिन्यात माझ्या 68 वर्षांच्या आईच्या पाठीपासून बरगडीपर्यंत, एकाच बाजूला, पाण्याने भरलेले फोड उठले. रामबागेतल्या शेजारणींनी मायेने गेरूचा लेप लावला. वर ‘नागिणीचं तोंड-शेपूट जुळलं की माणूस जातो’ हेही सांगितलं. आई भीतीने झोपेना. त्यात चार दिवस गेले. फोड सुकले, पण आजही पदर लागला तरी ती कळवळते.

नागीण म्हणजे लहानपणच्या कांजिण्यांचाच विषाणू. तो मज्जातंतूंच्या मुळाशी वर्षानुवर्षे दबून राहतो आणि वयाने प्रतिकारशक्ती घटली की उसळतो. पुरळ उठल्यापासून 72 तासांत विषाणूरोधक गोळ्या सुरू झाल्या तर सर्वाधिक गुण येतो. आम्हाला हे पाचव्या दिवशी कळलं! फोड डोळ्याजवळ असतील तर नजरेलाच धोका. फोडांतल्या पाण्यातून कांजिण्या न झालेल्यांना कांजिण्या होऊ शकतात, म्हणून गर्भवतींनी जपावं.

पन्नाशीनंतरची दोन डोसांची लस 2023 पासून भारतात मिळते. महाग आहे, तरी डॉक्टरांना जरूर विचारा. इंदूरच्या मराठी मंडळांनी ज्येष्ठांसाठी यावर एखादं व्याख्यान ठेवावं, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, रामबाग, इंदूर