दिवाणातली कसर आणि आजोबांची घोंगडी

वाकड, पुणे
१४ ऑक्टोबर

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

आई, फोनवर तू "हो गं, बघते" म्हणतेस आणि विषय बदलतेस, म्हणून सगळं लिहूनच पाठवते आहे. बाबांनाही वाचून दाखव.

रविवारी दिवाण उघडल्यावर तुझा चेहरा कसा पडला, ते माझ्या डोळ्यांसमोरून जात नाहीये. "सणाला सगळं घर झाडलं आणि हे कसं राहिलं," म्हणालीस. आई, घोंगडीला कसर, म्हणजे लोकर खाणारी कीड, लागली यात तुझं काही चुकलेलं नाही. बाबांच्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ती जड फळी पूर्ण उचलून आतलं सगळं काढायचं कोणी? तीन वर्षं त्या दिवाणाच्या तळाशी कोणाचा हात गेला नव्हता. अंधार, लोकर आणि कोणी हलवायला येत नाही, कसरीला आणखी काय हवं! तुझी पैठणी बघ, रेशीमही कसर खाते, पण पैठणीला एक भोक नाही. मांजरपाटात गुंडाळलेली असते आणि दर वर्षी गौरींना तू ती बाहेर काढतेस, झटकतेस, हवा देतेस. त्यानेच ती वाचली.

घोंगडी मी बाल्कनीत उलगडली तेव्हा घडीच्या आत पांढरट रेशमी जाळी होती आणि खसखशीसारखे काळे कण. आधी मला माती वाटली. ती अळीची विष्ठा होती. लोकर काळी, म्हणून तीही काळी. जाळीच्या एका नळीत अळी सापडली, तांदळाच्या दाण्याएवढी, अंग दुधी आणि डोकं तपकिरी. लोकर कुरतडते ती ही. तिचं पुढे होणारं पाखरू काही खात नाही, फक्त अंडी घालतं, एकेक मादी ४०-५० तरी. आणि ते उजेडाला येतच नाही, फटीत पळतं. तू संध्याकाळी ट्यूबलाइटखाली पाण्याची परात ठेवतेस ना, त्यात पडतात ती बाहेरून आलेली पाखरं. त्यांच्यामागे दमू नकोस.

आता डांबराच्या गोळ्या. सगळं पत्र खरं तर यासाठीच आहे. बाबा ज्या दिवाणावर झोपतात त्याच्याच पोटात तू मूठभर गोळ्या टाकल्या आहेस. गोळीची वाफ हवाबंद डब्यात कोंडली तरच अळ्या मरतात. दिवाणाला चहूकडून फटी, त्यामुळे अळ्या जगल्या आणि वाफ मात्र रात्रभर बाबांच्या नाकात गेली. त्याच गोळ्यांत तू माझी लहानपणची झबली आणि दुपटी जपून ठेवली आहेस, जानेवारीत येणाऱ्या बाळासाठी. ती पाहून मला भरून आलं, तेव्हा बोलता आलं नाही. पण काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पी-डी नावाचं एन्झाइम जन्मतःच कमी असतं. अशा बाळाला या गोळ्यांच्या वासाचे कपडे घातले तर तांबड्या पेशी फुटू शकतात, कावीळ विकोपाला जाऊ शकते. आपलं बाळ कसं असेल ते आत्ता कोण सांगणार? स्वच्छ धुतलेल्या सुती कपड्यांना कसर सहसा तोंड लावत नाही, त्यांना गोळ्यांची गरजच नव्हती. आता ती मी घेऊन जाते. ज्यांचा वास पूर्ण गेला नाही ती आठवण म्हणून ठेवू, बाळाला नवी शिवू. तू शिवलेलीच हवीत मला.

शनिवारी सकाळी आम्ही दोघं येतो. गोळ्या काढू, दिवाणाच्या सांध्या-फटींतून व्हॅक्यूम फिरवू आणि त्यातला कचरा लगेच बाहेर टाकू, कारण अंडी तिथेच असतात. बाबांची कानटोपी आणि तुझी शाल पिशवीत घट्ट बांधून पंधरा दिवस फ्रीझरमध्ये जाईल. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नकोस, आधी घरातल्या हवेला येऊ दे, नाहीतर कपड्यावर पाणी सुटतं. घोंगडी फ्रीझरमध्ये मावणार नाही. तिला ऑक्टोबरच्या उन्हात पसरून दोन्ही बाजूंनी ब्रश मारायचा, घडीच्या रेघांवर जास्त, आणि आठ-आठ दिवसांनी पुन्हा. कडुनिंबाचा पाला हवा तर ठेव, पण त्याच्या भरवशावर राहू नकोस.

तोवर एवढंच करा, बाबांनी हॉलमध्ये झोपायचं आणि त्या खोलीच्या खिडक्या उघड्या ठेवायच्या. बाबा, फळी तुम्ही उचलायची नाही. माळ्यावरच्या ट्रंकेसाठी स्टूलवरही चढायचं नाही.

आणि बाबा, "टाकून द्या आता ती घोंगडी" म्हणताना तुमचा हात तिच्यावरच होता. आजोबांनी किती वाऱ्या केल्या तिच्यासकट! मी मोजलं, चार भोकं आहेत, दोन अगदी काठाला. बाकी अंग धड आहे. शनिवारपर्यंत तिला बाल्कनीतच राहू द्या, मी आल्याशिवाय कोणाला देऊ नका.

तुमची,
चिऊ