शेऱ्याच्या रकान्यातली ओळ

चि. पर्चेसवाल्या मुलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

नाव लिहीत नाही. चारचौघांत नाव घेतलं की तू कानकोंडी होतेस, हे शुक्रवारी तुझ्या निरोपाचा केक कापताना पाहिलं. त्या दिवशी सगळे तुझ्याबद्दल दोन-दोन शब्द बोलले आणि मी एवढंच म्हणालो, "कॅल्क्युलेटर स्टोअरला जमा कर." घरी येऊन हिला सांगितलं तर हिने कपाळावर हात मारून घेतला. म्हणून हे पत्र. टाइप मुलगा करतोय, चुका त्याच्या.

बडोद्यात मकरपुऱ्याच्या जी.आय.डी.सी.त, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, ३१ वर्षं कारखान्याचं स्टोअर सांभाळतोय. माघारी मला काय म्हणतात ते ठाऊक आहे. मराठीत खडूस म्हणतात, गुजरातीतलं इथे लिहिण्यासारखं नाही. पहिले दोन महिने तूही त्यातलीच. जळगावची मुलगी आलीय, चार शब्द मराठीत बोलायला खाली येईल असं वाटलं होतं. आली ती तुझी मेल, मालकांना कॉपी लावून: 'स्टोअरच्या अडवणुकीमुळे काम थांबले आहे.' मीही मग तुझ्या मागणीच्या स्लिपा मुद्दाम गठ्ठ्याच्या तळाशी घातल्या. कबूल करतो.

माझा स्वभाव सुधारायचे प्रयत्न आधीही झाले होते. एका साहेबांनी केबिनमध्ये बोलावून "जरा ॲडजस्ट करा" म्हणून सांगितलं. ते साहेब स्टोअरमध्ये एकदाही उतरलेले नव्हते. पुढे कोट घातलेले एक गृहस्थ आणले. त्यांनी आम्हाला गोल उभं केलं, प्रत्येकाच्या पाठीवर कागद चिकटवला आणि एकमेकांबद्दल चांगलं लिहायला लावलं. माझ्या पाठीवर सात जणांनी 'वक्तशीर' लिहिलं. एकाने लिहिलं, बाकीच्यांनी उतरवलं. जेवण मात्र बरं होतं.

मग तो जुलैतला दिवस. बाहेर झड लागलेली, वेल्डर खोळंबलेले, वेल्डिंगचे ७०१८ नंबरचे रॉड आत्ताच्या आत्ता हवेत म्हणून तू स्वतः खाली आलीस. मी नेहमीचं सांगितलं: ओव्हनमध्ये आहेत, दोन तास लागतील. आता फोन काढणार, वर तक्रार करणार, असं धरून चाललो होतो. तू रंगाचा रिकामा डबा उलटा करून त्यावर बसलीस आणि विचारलंस, "काका, पण का?"

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं. मग मी बोलत सुटलो. या रॉडवरचं आवरण हवेतला ओलावा ओढून घेतं, बडोद्याच्या पावसाळ्यात तर उघड्या मिठासारखं. ओला रॉड तसाच जाळला की त्या पाण्यातला हायड्रोजन सांध्यात शिरतो. वरून वेल्डिंग झकास दिसतं आणि कधी कधी दिवस-दोन दिवसांनी आतून तडकतं. म्हणून ३०० ते ३५० अंशांवर भाजायचे, गरम पेटीत ठेवायचे आणि लागतील तेवढेच बाहेर काढायचे. तू म्हणालीस, "म्हणजे आमची आजी पावसाळ्याआधी कुरडयांना ऊन दाखवते, तसंच की." मी हसलो. स्टोअरमध्ये मी हसल्याची बहुधा ती पहिलीच नोंद.

रॉड नेताना तू स्लिपवर सही केलीस आणि शेऱ्याच्या रकान्यात काहीतरी लिहिलंस. तो रकाना म्हणजे आमच्याकडे शिव्या घालायची अधिकृत जागा. 'अर्जंट.' 'स्टोअरकडून विलंब.' 'तिसऱ्यांदा मागणी.' तू गेल्यावर चष्मा लावून वाचलं: 'काकांनी दोन तास थांबवलं. बरं केलं.'

गुलाबी प्रत स्टोअरच्या फाइलला लावायची असते. ती मी लावली नाही. शर्टाच्या खिशात राहिली आणि कपडे भिजवताना हिला सापडली. तिला वाटलं औषधाची चिठ्ठी. दोनदा वाचली आणि घडी घालून पंचांगात ठेवली. ऑडिटवाल्यांनी विचारलं तर सांगीन, पंचांगात आहे.

"छान काम करता काका" असं म्हणाली असतीस तर संध्याकाळपर्यंत विसरलो असतो. तसलं दिवाळीच्या मिठाईबरोबर छापील येतंच. ज्याच्यासाठी मी शिव्या खात होतो, नेमकं तेच तू बरं म्हणालीस.

त्यानंतर मीही एक वेडेपणा करून पाहिला. शॉपच्या सुपरवायझरशी माझं चार वर्षं फक्त स्लिपांमधून बोलणं होतं. त्यांना जाऊन म्हटलं, शर्ट छान आहे. ते म्हणाले, "शुं जोईए छे?" फजिती झाली. मग आठ दिवस नुसतं बघत राहिलो. त्यांची एकच शिफ्ट उरलेले रॉड वेळेत परत आणते, बाकीच्यांचे मशीनवर उघडे लोळत असतात. तेवढंच जाऊन सांगितलं. माणूस बराच वेळ हातातला खडू फिरवत राहिला. आता त्यांनी सेव-उसळ मागवली की एक वाटी खाली येते. भांडण अजूनही होतं, पण तोंडी होतं.

भलेपणाचं असंच असतं बघ. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी आमच्या तळमजल्यावरच्या घरात शिरलं तेव्हा वरच्या मजल्यावरच्यांकडे दोन रात्री काढल्या. पार्किंगवरून त्यांच्याशी वर्षभर अबोला होता. त्या वहिनींनी पहिला चहा दिला तो बिनसाखरेचा. मला साखर चालत नाही, हे त्यांनी भांडणाच्या आधीपासून लक्षात ठेवलं होतं. मी नोंदी ठेवायचा पगार घेतो, आणि ही नोंद माझ्याकडे नव्हती.

तुझ्या जागी आलेला मुलगा काल खाली आला होता. स्लिपवर सही नव्हती, म्हणून परत पाठवला. नियम तो नियम. पण जिन्यापर्यंत गेला तेव्हा हाक मारून सांगितलं, "अक्षर सुवाच्य आहे हो तुमचं." खरंच आहे. घाबरून जिन्यातच थांबला बिचारा.

पुण्यात जागा मिळाली की कळव. हिने मेतकूट करून ठेवलंय.

तुझे,
स्टोअरचे काका

ता. क. : कॅल्क्युलेटर मिळाला. मागचं झाकण नाहीये. असू दे.