अकरा दिवस

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

परवा तू फोन मध्येच कट केलास. चूक माझीच. परीक्षा तोंडावर असताना स्थळाचा विषय काढायला नको होता. पण बोलताना तू तीनदा खोकलीस. कफ आहे का कोरडा?

रात्री झोप येईना, म्हणून तुझ्या पीटर्सबर्गच्या मेडिकल कॉलेजबद्दल वाचत बसलो. ते १८९७ मध्ये फक्त मुलींसाठी निघालं, हे मला ठाऊक नव्हतं. सांगितलंही असशील तू, मी फीच्या आकड्यांत होतो. त्याआधी रशियात मुलींना विद्यापीठ बंदच होतं. १८६८ साली पीटर्सबर्गमध्ये स्तासोवा, त्रुबनिकोवा, फिलोसोफोवा या तिघींनी पुढाकार घेऊन चारशेच्या वर बायकांच्या सह्यांचा अर्ज दिला. विद्यापीठाचं दार काही उघडलं नाही. मुली शिकायला झुरिचला गेल्या, तर १८७३ मध्ये सरकारने त्यांच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवून त्यांना परत बोलावलं. १८७८ मध्ये मुलींच्या उच्च शिक्षणासाठी बेस्तुझेव्ह कोर्सेस निघाले. मग १८८२ मध्ये मुलींच्या डॉक्टरकीच्या वर्गांचे प्रवेश बंद, १८८६ मध्ये बेस्तुझेव्हचेही. बेस्तुझेव्ह पुन्हा उघडलं १८८९ मध्ये. तुझं कॉलेज बघायला स्तासोवा उरल्या नाहीत, १८९५ मध्येच गेल्या. तेव्हा एका विषयात मार्क कमी पडले म्हणून... बघ, पुन्हा उपदेश. राहू दे.

सोफिया कोवालेव्स्कायापाशी मात्र मी अडकलो. तेव्हा रशियात बापाच्या किंवा नवऱ्याच्या परवानगीशिवाय बाईला देशाबाहेर जाता येत नसे. म्हणून अठराव्या वर्षी तिने नावापुरतं लग्न केलं. गणित शिकायचं होतं तिला.

वाचलं आणि तुझा कर्जाचा फॉर्म आठवला. अकरा दिवस तो टीव्हीखालच्या खणात, लाइटबिलांच्या खाली पडून होता. तू रोज खण उघडायचीस, सहीची जागा बघायचीस आणि न बोलता बंद करायचीस. बाराव्या दिवशी आईने पेन आणून माझ्या हातात दिलं. लोक काय म्हणतील म्हणून थांबलो, असं आत्याला सांगितलं होतं. ते खोटं. तू परत येणार नाहीस, याची भीती होती. अजून आहे.

पांढऱ्या कोटातला तुझा फोटो दुकानात गल्ल्याच्या काचेखाली ठेवलाय. नवीन गिऱ्हाईक आलं की सुट्टे देताना मी मुद्दाम वेळ लावतो.

स्थळाला ‘नाही’ म्हणून कळवलंय. तू बोलशील तेव्हाच बोलू.

खोकला रात्री जास्त येतो की पहाटे, एवढं आईला कळव. मला नको कळवूस हवं तर.

तुझा,
बाबा