शाईचा पॅड मिटवणाऱ्या वकीलबाईंना

प्रिय वकीलबाई,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. हे पत्र मी सांगते आहे आणि शेजारची मुलगी उतरवून घेते आहे. नातीला मुद्दाम बसवलं नाही. मृत्युपत्राच्या कामात तिचा हात कुठे दिसता कामा नये, असं तुम्हीच बजावलं होतंत. आभाराच्या पत्राला तो नियम लागू नसेल, पण आता सवय झाली.

माझं म्हणणं सरळ होतं. राहतं घर माझ्यामागे नातीला मिळावं. घर माझं, शिक्षिकेच्या पगारातून हप्ते फेडून घेतलेलं, माझ्या एकटीच्या नावावरचं. तरी तुमच्याआधी जिथे जिथे गेले, तिथे प्रश्न विचारले ते सोबत आलेल्या मुलाला. एका गृहस्थांनी तर माझ्यासमोरच त्याला विचारलं, "यांना समजतंय ना सगळं?" मला समजत होतं. नॉमिनी म्हणजे नुसता सांभाळणारा आणि वारस म्हणजे खरा मालक, हा फरक त्यांना समजत नव्हता, हे मात्र तुमच्याकडे आल्यावर कळलं. "नॉमिनी लावलाय ना, मग मृत्युपत्र कशाला?" म्हणून त्यांनी मला वाटेला लावलं होतं. आणखी एक विद्वान म्हणाले, मुलगा असताना नातीला दिलेलं घर कोर्टात टिकत नाही. वर सल्ला असा, की एवढी हौस असेल तर आत्ताच बक्षीसपत्र करून मोकळ्या व्हा.

मोकळी म्हणजे बेघरच की! दिलेलं बक्षीस सहजी परत घेता येत नाही, मृत्युपत्र मात्र शेवटच्या श्वासापर्यंत बदलता येतं आणि तोवर घर माझंच राहतं, हे तुम्ही मला सांगितलंत. मला, मुलाला नाही. स्वकष्टाचं घर कुणालाही देता येतं, हेही तेव्हाच कळलं. उरलेलं कायद्याचं पुराण इथे नको.

मला लिहायचं आहे ते सहीबद्दल.

माझा हात कापतो, हे तुम्ही पाहिलंच होतं. कागद समोर आला तेव्हा तुमच्या कारकुनाने सवयीने शाईचा पॅड उघडून माझा अंगठा धरलादेखील. त्याचा दोष नाही, म्हाताऱ्या माणसांचं काम असंच पटकन उरकतात. अंगठा कायद्यालाही चालतो. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यात सही किंवा खूण, दोन्ही धरलं आहे, हे तुम्हीच पुढे सांगितलंत. पण आयुष्यभर मुलांच्या प्रगतिपुस्तकांवर सह्या केलेल्या बाईने स्वतःचं घर देताना अंगठा उठवायचा? मी काही बोलले नव्हते. नुसता हात आखडला असेल.

तुम्ही पॅड मिटवलात, खणात टाकलात आणि म्हणालात, "थांबा. बाई सही करतील."

मग वाट पाहिलीत. दोघे साक्षीदार उभे होते, त्यांतले एक घड्याळाकडे बघायला लागले तर त्यांना खुर्ची दिलीत. मी सही करताना त्यांनी पाहावं आणि मग माझ्यादेखत सह्या कराव्यात, असं तुमचं म्हणणं होतं, म्हणजे त्यांचीही सुटका नव्हतीच. पहिलं अक्षर वर गेलं, आडनाव रेषेखाली घसरलं. तुम्ही "छान आली" म्हणाला नाहीत, त्याबद्दल वेगळे आभार. लहान मुलासारखं कौतुक केलं असतंत तर मी रडले असते. तुम्ही पान उलटलंत आणि बोट ठेवलंत, "आता इथे." जुन्या सहीशी ही जुळणार नाही, उद्या कुणी शंका काढेल, म्हणून साक्षीदारांत माझ्या डॉक्टरांना बोलावण्याची तजवीज तुम्ही आधीच केली होतीत. म्हणजे मी सहीच करणार, हे तुम्ही माझ्याआधी ठरवलं होतंत!

हुशार माणसं पुष्कळ भेटतात हो. खिडकीपलीकडून ओरडून बोलणारीही बहुतेक हुशारच असतात, पांढरे केस दिसले की ऐकू येत नाही असं समजणारी. माझे कान उत्तम आहेत. समोरच्याला त्याचा वेळ देणारा माणूस मात्र विरळा, आणि त्यासाठी कायद्याची पदवी लागते असंही नाही.

मुलगा अजून थोडा घुश्शात आहे. पण त्याला का वगळलं याचं कारण लिहा, असं तुम्ही म्हणालात आणि माझ्याच शब्दांत ते घातलंत: त्याला स्वतःचं घर आहे, त्याच्यावर माझा राग नाही. ते वाक्य त्याने वाचलं. परवा फोनवर औषधं घेतलीस का म्हणून विचारत होता.

एक काम उरलं आहे. पुस्तकांचं कपाट धाकट्या नातवाला द्यावं असं आता मनात येतंय. सगळं नव्याने लिहावं लागेल की पुरवणी जोडून भागेल? पुरवणीलाही साक्षीदार लागत असतील, तर घड्याळवाल्या गृहस्थांना या वेळी नका बोलावू.

तुमची,
एक निवृत्त बाई