आई-बाबा, मी देवाविरुद्ध केस लढत नाहीये

प्रिय आई, बाबा,

फोनवर हे बोलायला घेतलं की आई विचारते जेवलीस का आणि बाबा म्हणतात आधी मी पाठवलेलं वाच मग बोल, आणि विषय तिथंच राहतो, म्हणून लिहून पाठवतेय. लांबलचक झालंय. बाबा, तुम्ही मोठ्यानं वाचून दाखवा, म्हणजे आईला चष्मा शोधत बसायला नको.

सत्यनारायणाला आपल्याकडे कुणीतरी सगळ्यांसमोर म्हणालं म्हणे की "तुमची धाकटी जर्मनीत देव नाही हे सिद्ध करायच्या नोकरीला लागलीय". कोण ते ताईनं सांगितलंय मला, पण जाऊ दे. तेव्हापासून आई माझ्याशी जरा जपूनच बोलतेय. आई, अशी नोकरी नसते गं कुठं. असती तर पगार तरी बरा असता.

मी खरं काय करते ते ऐक. निर्जीव रसायनांपासून पहिला जीव कसा तयार झाला असेल, हे आमची लॅब शोधते. डेकॅनोइक ॲसिड नावाचं एक फॅटी ॲसिड असतं, खोबरेल तेलात असतं, शेळीच्या दुधात असतं. पांढरं, मेणचट, आणि इतक्या कमी तापमानाला वितळतं की बाटली हातात धरून बसलं तरी कडेनं पाघळायला लागते. वास विचारू नकोस, आजोळच्या शेळ्यांच्या गोठ्यात गेल्यासारखं वाटतं, ग्लोव्ह्ज काढले तरी जात नाही, ट्राममध्ये शेजारी बसलेली बाई उठून जाते. तर हे ॲसिड पाण्यात योग्य पीएचला (म्हणजे पाण्याचा आंबटपणा नेमका ठेवून) टाकलं की पाणी दुधाळ होतं, आणि मायक्रोस्कोपखाली बघितलं तर त्यात गोल गोल पोकळ फुगे दिसतात, आपोआप झालेले. मी फक्त पाणी, ॲसिड आणि पीएच जमवलेला असतो, फुगे बनवायला बोटही लावलेलं नसतं. पहिल्या पेशीचं बाहेरचं आवरण असंच काहीतरी साधं असावं असा या क्षेत्रातल्या बऱ्याच लोकांचा अंदाज आहे. त्यात अमेरिकेतल्या जॅक शोस्टाक यांच्या लॅबनं २००३ मध्ये दाखवलं की मॉन्टमोरिलोनाइट नावाची चिकणमाती टाकली की हे फुगे कितीतरी भराभर तयार होतात. आणि बाबा, ही माती कुठली परदेशी नाही, आपल्या काळ्या रानात जी असते ना, पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हातभर भेगा पाडते, तिच्यात हेच खनिज भरलेलं असतं. (आता कृपा करून कुणी "पार्वतीनं मातीचा गणपती केला, बघा विज्ञानानं सिद्ध केलं" असा फॉरवर्ड तयार करू नका, मी हात जोडते.)

आता या फुग्यात आरएनए ठेवायचा. आरएनए हा आपल्या डीएनएचा भाऊ, आणि १९८० च्या दशकात टॉमस चेक आणि सिडनी ऑल्टमन यांनी दाखवलं की तो नुसता माहिती साठवत नाही, एन्झाइमसारखी, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणायची कामंही करतो, त्यासाठी त्यांना १९८९ चं नोबेल मिळालं. म्हणून बऱ्याच जणांना वाटतं की डीएनए आणि प्रोटीनच्या आधी आरएनएचं राज्य होतं. पण आरएनएला काम करायला मॅग्नेशियम लागतं, आणि मॅग्नेशियम टाकलं की माझे फुगे फुटतात आणि तळाला पांढरा साका बसतो. आई, तू बोअरच्या पाण्याला शिव्या घालतेस ना की साबणाला फेस येत नाही नुसता चोथा होतो, तेच रसायन आहे हे, तंतोतंत तेच. २०१३ मध्ये शोस्टाकच्याच लॅबनं सायट्रेट (लिंबातल्या ॲसिडचा क्षार) टाकून यावर तोड काढली, सायट्रेट मॅग्नेशियमला धरून ठेवतं आणि फुगे वाचतात, छान, पण मग लगेच दुसरा माणूस विचारतो की त्या काळी पृथ्वीवर एवढं सायट्रेट आलं कुठून. आमच्या फील्डमध्ये हे असंच चालतं, एक दार उघडलं की आत दुसरं कुलूप. माझा सगळा दिवस या साक्यात जातो, यात देवाच्या वाट्याला जायला वेळ कुणाला आहे.

बाबा, आता तुमच्याशी. तुमचे फॉरवर्ड मी वाचते, सगळे वाचते, खोटं नाही सांगत. दशावताराचा तर इतक्यांदा आला की तोंडपाठ झालाय, मत्स्य म्हणजे पाण्यातला जीव, कूर्म म्हणजे उभयचर, मग वराह, नरसिंह, वामन, बघा डार्विनच्या आधी आमच्याकडे होतं. ऐकायला गोड आहे, पण नरसिंहाच्या जागी कुठला फॉसिल ठेवायचा ते सांगा, आणि परशुराम, राम, कृष्ण हे लागोपाठचे प्राणी आहेत का? रामाला उत्क्रांतीची पायरी करून टाकण्यात रामाचा काय मान वाढतो, मला तरी कळत नाही. आजी जी दशावताराची गोष्ट सांगायची तिच्यात प्रल्हाद होता, खांब होता, धाकधूक होती. या फॉरवर्डमध्ये नुसता तक्ता उरलाय.

दुसरा तो "भारतीय शास्त्रज्ञानं जीव तयार केला आणि गोऱ्यांनी दाबून टाकलं" वाला. त्यातला शास्त्रज्ञ खरा आहे हे ऐकून तुम्हाला बरं वाटेल. अलाहाबाद विद्यापीठातले कृष्ण बहादुर. १९६० च्या दशकात त्यांनी अमोनियम मॉलिब्डेट, फॉस्फेट, क्षार आणि फॉर्मल्डिहाइड पाण्यात मिसळून उन्हात ठेवलं आणि त्यात सूक्ष्म गोळे तयार झाले, त्यांना त्यांनी जीवाणू असं नाव दिलं, बॅक्टेरियावाले नव्हे, जीव आणि अणू या अर्थानं. त्यांचं म्हणणं होतं की हे गोळे वाढतात, फुटून दोन होतात, म्हणजे जिवंत आहेत. पण दाबून कुणी टाकलं नाही हो. १९६७ मध्ये नासानं यावर चक्क एक अहवाल काढला, आणि तो लिहिणाऱ्या दोघांपैकी एक होते सिरिल पोन्नमपेरुमा, श्रीलंकेत जन्मलेले, गोरे नव्हेत. त्यांचं म्हणणं एवढंच की हे गोळे नक्की काय आहेत ते अजून स्पष्ट झालेलं नाही. मला स्वतःला बहादुरांबद्दल फार आदर वाटतो, उन्हात काचेची भांडी ठेवून एवढा मोठा प्रश्न विचारायची हिंमत केली त्या माणसानं. "दाबलं" म्हणून रडलं की त्यांचं खरं काम कुणीच बघत नाही, हे मला जास्त लागतं.

आणि तो "भंगाराच्या गोदामातून वादळ गेलं म्हणून विमान तयार होतं का, मग जीव तरी आपोआप कसा होईल" वाला, तो ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांचा. हॉइल म्हणजे तुमच्या नारळीकरांचे गुरू. पण फॉरवर्डवाले हे सांगत नाहीत की हॉइल यावरून देवळात गेले नाहीत, त्यांचं म्हणणं होतं जीव अंतराळातून आला. नारळीकर सरांनीही त्या दिशेनं प्रयोग केला, नुसत्या गप्पा नाही मारल्या. २००५ मध्ये हैदराबादहून मोठा बलून सोडला, २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा निर्जंतुक नळ्यांत भरून आणली, हैदराबाद आणि पुण्यातल्या लॅबमध्ये तपासली आणि बॅक्टेरियाच्या तीन नव्या प्रजाती सापडल्या, एकीला हॉइल यांचं नाव दिलं, एकीला इस्रोचं आणि एकीला आर्यभटाचं. आणि तरी २००९ मध्ये जाहीर करताना इस्रोनं स्पष्ट सांगितलं की यावरून हे जीव पृथ्वीबाहेरचे आहेत असं ठामपणे म्हणता येत नाही. बाबा, तुम्ही नारळीकरांची पुस्तकं कव्हर घालून ठेवलीत ना, मग हेही त्यांच्याकडूनच घ्या की, हातात एवढं घबाड लागलेलं असताना "अजून सिद्ध नाही" म्हणायचं.

विमानाच्या उदाहरणाचं उत्तर साधं आहे, एका झटक्यात अख्खी पेशी तयार झाली असं आमच्यापैकी कुणी म्हणतच नाही. सगळं एकेका बारक्या पायरीनं, आणि हातात करोडो वर्षं.

बरं, आई. तू परवा विचारलंस की जीव आपोआप होतो तर उकळलेल्या दुधाला विरजण का लावावं लागतं. अगं हाच तर प्रश्न आहे! पाश्चरनं १८६० च्या आसपास हेच दाखवलं, रस्सा उकळून बाकदार मानेच्या चंबूत ठेवला, हवा आत जायची पण धूळ मानेत अडकायची, आणि रस्सा नासला नाही. म्हणजे जीव जीवापासूनच येतो. पाश्चर कॅथलिक होता, धर्मवाल्यांना फार आनंद झाला. पण मग पहिलं विरजण कुठून आलं? पृथ्वी साडेचार अब्ज वर्षांची, जीवाच्या जुन्यात जुन्या नीट खुणा ऑस्ट्रेलियातल्या खडकांत साडेतीन अब्जाच्या आसपास, मधे कधीतरी ते पहिलं विरजण लागलं. कुणी लावलं की आपोआप लागलं, यावरच घरात दोन पार्ट्या आहेत.

बाबांची पार्टी म्हणते, विज्ञानाला अजून माहीत नाही ना, म्हणजे ते काम देवाचं. माझं भांडण नेमकं इथं आहे. देव आहे की नाही यावर मी भांडतच नाहीये, त्याला तुम्ही जिथं बसवताय त्या जागेवर भांडतेय. १८२८ च्या आधी लोक म्हणायचे की शरीरातली द्रव्यं प्रयोगशाळेत होणारच नाहीत, त्यात प्राणशक्ती लागते. व्होलर नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं त्या वर्षी युरिया करून दाखवला, मूत्रपिंडाशिवाय. मग प्रश्न उरला की प्रोटीन ज्यांपासून बनतं ती अमिनो ॲसिड निसर्गात आपोआप होतील का. १९५३ मध्ये शिकागोचा स्टॅन्ली मिलर, वय वर्षं तेवीस, त्यानं मिथेन, अमोनिया, हायड्रोजन आणि पाण्याच्या वाफेत ठिणग्या पाडल्या आणि अमिनो ॲसिड मिळाली. (त्या काळची हवा अगदी तशी नसावी असं आता बहुतेकांचं मत आहे, म्हणजे तो प्रयोगही देव्हाऱ्यात ठेवलेला नाही.) आणि २०२५ च्या जानेवारीत बेन्नू लघुग्रहावरून आणलेल्या धुळीत जीवसृष्टी वापरते त्या २० पैकी १४ अमिनो ॲसिड निघाली, डीएनए-आरएनएची पाचही अक्षरं निघाली. यातलं काहीही जिवंत नाही, हे मी स्वतः ओरडून सांगेन. पण बाबा, दर वेळी देवाला एक खोली मागं सरकावं लागतंय आणि त्याला सरकवणारे आम्ही नाही, त्याला त्या खोलीत नेऊन बसवणारे आहेत. उद्या माझा फुगा मॅग्नेशियममध्ये टिकला तर तुमची श्रद्धा कमी होणार आहे का? नाही ना? मग तिला माझ्या परीक्षानळीला कशाला बांधताय?

तुम्हाला फादर लमेत्रचं सांगायचं राहिलं. बेल्जियमचा हा कॅथलिक पाद्री, विश्व एका अतिदाट बिंदूपासून पसरलं ही कल्पना यानंच मांडली, ज्याला पुढं बिग बँग म्हणायला लागले. १९५१ मध्ये पोपनी भाषणात सुचवलं की हे तर आपल्या निर्मितीच्या कथेला दुजोरा देणारं आहे. आणि हा पाद्री खूश व्हायच्या ऐवजी अस्वस्थ झाला. त्याचं म्हणणं, माझा सिद्धांत धर्माच्या बाजूनंही नाही आणि विरुद्धही नाही, त्याला त्यात ओढू नका. मला हा माणूस जाम आवडतो.

मी तुमच्यासारखं मानत नाही हे तुम्हाला माहीत आहे, त्यावर आपलं कॉलेजपासून वाजतंय, त्यात या लॅबचा काही हात नाही. माझ्या शेजारच्या बेंचवरची पोस्टडॉक दर रविवारी चर्चला जाते आणि सोमवारी येऊन माझ्याइतकेच फुगे फोडते. आणि उलट्या बाजूचेही आहेत, एक जण जेवणाच्या टेबलवर धार्मिक लोकांची टिंगल करत असतो, त्याला मी एकदा विचारलं की माझी आई पायी आळंदीला जाते ती काय अमिनो ॲसिडचा उगम कळावा म्हणून जाते का, तर गप्प बसला.

एक मजा सांगते बाबांना. याच शहरात, म्युनिकमध्ये, एक पेटंटचे वकील होते, वाख्टर्सहॉयझर, वकिली सांभाळून त्यांनी १९८८ मध्ये मांडलं की जीवाची सुरुवात लोह-गंधकाच्या खनिजांच्या पृष्ठभागावर झाली असावी. आजही लोक त्यावर काम करतात. तेव्हा कोर्टातल्या माणसांनी या विषयात बोलू नये असं माझं अजिबात म्हणणं नाही, फक्त पुरावा लावून बोला, कोर्टात लावायचात तसा.

आई, तुझा खरा प्रश्न मला ताईकडून कळला, माझ्याशी बोलली नाहीस. तुमच्या त्या नळीत उद्या जीव आला तर त्याच्यात आत्मा असेल का. मी हसले नाही. आम्ही कामापुरती जी व्याख्या धरतो ती नासाची, स्वतःला टिकवणारी आणि डार्विनच्या पद्धतीनं बदलत जाऊ शकणारी रासायनिक व्यवस्था. त्यात आत्मा नाही, नाही म्हणजे नाकारलेला नाही, तो मोजायचं यंत्र आमच्याकडे नाही म्हणून तो धरलेलाच नाही. आणि माझे फुगे त्या व्याख्येतही बसत नाहीत, ते वाढतात, कधी दोन होतात, पण आईचं काही लेकराला देत नाहीत. तुझा प्रश्न मी आमच्या ग्रुप मीटिंगमध्ये विचारला, नाव घेऊन, माझ्या आईचा आहे म्हणून. अर्धा तास वाद झाला. प्रोफेसरनी शेवटी विचारलं की तुमच्या आईच्या मते जंतूत आत्मा असतो का, कारण त्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. तर तेवढं सांग, मी कबूल करून बसलेय की विचारून सांगते.

बाबा, डोळ्यातले ड्रॉप्स चार वेळा घालायचेत, दोन वेळा नाही, ताईनं डॉक्टरांना परत विचारलंय. रविवारी फोन करते, तुमच्या साडेआठला, हरिपाठ झाल्यावर.

तुमची,
मनू